वाइड शॉट मऊ का येतो? नवशिक्यांसाठी तपासणी आणि उपाय

नागपुरातल्या फुटाळ्याच्या काठावरून अख्खा तलाव, पलीकडची झाडं आणि आकाश एका फ्रेममध्ये घेतलं. कॅमेऱ्याच्या तीन इंची पडद्यावर झकास दिसलं. घरी कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठं करून पाहिलं, तर झाडांच्या जागी हिरवा लगदा. त्याच लेन्सने काढलेला मित्राचा चेहरा मात्र पापण्या मोजाव्यात इतका स्वच्छ. अशा वेळी बहुतेक जण लेन्सला नावं ठेवतात, नाहीतर एडिटिंगमध्ये शार्पनिंगचा स्लायडर शेवटपर्यंत ओढतात. दोन्हींत घाई होते. वाइड शॉट मऊ येण्याची सात-आठ तरी वेगवेगळी कारणं असतात. प्रत्येकाची खूण वेगळी, उपायही वेगळा, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर चित्र आणखी बिघडतं. म्हणून आधी निदान करायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पुढचे आकडे २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्याचे आणि त्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमी किट लेन्सचे आहेत, कारण नवशिक्यांच्या हातात बहुधा तेच असतं. फुल फ्रेमवर तितकीच वाइड फ्रेम हवी असेल तर १८ च्या जागी २७ मिमी धरा.

पहिली पायरी: तपशिलाला पिक्सेल किती मिळतात ते मोजा

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात, आणि निम्म्या तक्रारींचं उत्तर इथेच असतं. फ्रेममध्ये किती रुंदी मावते हे काढायला सेन्सरच्या रुंदीला फोकल लेंग्थने (लेन्सवरचा मिमीचा आकडा) भागायचं आणि अंतराने गुणायचं. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद असतो. १८ मिमी लेन्स आणि ३० मीटरवर उभा माणूस, तर २३.५ ÷ १८ × ३०, म्हणजे सुमारे ३९ मीटर रुंदीचा देखावा फ्रेममध्ये आला. फोटोचे ६००० पिक्सेल या ३९ मीटरवर पसरले की मीटरच्या वाट्याला १५३ येतात. चेहरा १५ सेंटिमीटर रुंद धरला तर त्याला २३ पिक्सेल मिळाले. फोर-के व्हिडिओत हाच चेहरा १५ पिक्सेलचा, आणि फुल एचडीत जेमतेम सात.

आता क्लोज-अपचं गणित करा. ५० मिमी, अंतर दीड मीटर: फ्रेमची रुंदी सुमारे ७० सेंटिमीटर, चेहऱ्याला जवळजवळ १२७५ पिक्सेल. २३ पिक्सेलमध्ये पापणी मावणारच नाही, मग लेन्स लाखाची असो की किटमधली. लेन्स, फोकस, हात सगळं ठीक असूनही चित्र 'सॉफ्ट' वाटतं ते असं. याला बिघाड म्हणता येत नाही.

उपाय तीन. पहिला, जवळ जा. अंतर ३० वरून १५ मीटर केलं की चेहऱ्याचे पिक्सेल दुप्पट होतात. दुसरा, ३५ मिमीवर कॅमेरा उभा धरून, शेजारच्या फ्रेम एकतृतीयांश एकमेकींवर येतील अशा चार-पाच फ्रेम घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये जोडा. वारा नसेल आणि माणसं हलत नसतील तर तलाव, गड, इमारती यांना हा मार्ग उत्तम. तिसरा उपाय सिनेमावाल्यांचा: वाइडमध्ये चेहऱ्यावर विसंबायचंच नाही. माणूस उजळ आकाशासमोर गडद उभा करा किंवा गडद झाडीसमोर उजळ कपड्यांत. बाह्यरेषा ठळक असली की सात पिक्सेलचा चेहराही डोळ्यांना खटकत नाही.

दुसरी पायरी: मऊपणाची जात ओळखा

फोटो १०० टक्के मोठा करा आणि मध्य, चारही कोपरे, जवळचा भाग, दूरचा भाग असं क्रमाने पाहा.

– सगळी फ्रेम एकाच दिशेला ओढल्यासारखी, दिव्यांच्या ठिपक्यांच्या बारीक रेघा झालेल्या: कॅमेरा हलला.
– पायाजवळचं गवत स्वच्छ, लांबची झाडं मऊ (किंवा उलट): फोकस चुकला.
– मध्य शार्प, चारही कोपरे सारखेच मऊ: लेन्सची मर्यादा किंवा तिचं वक्र फोकस-पटल (ज्या पातळीवरचं सगळं शार्प येतं ती पातळी).
– एकच बाजू किंवा एकच कोपरा मऊ: लेन्समधली काच सरकलेली, नाहीतर अडॅप्टर तिरका.
– सगळं सारखंच मऊ आणि अॅपर्चर एफ/१६ किंवा त्याहून बारीक (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान): डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक छिद्राच्या कडांवर प्रकाशाचं वाकणं.
– कडा जागेवर, पण काळा रंग राखाडी: धुरकं, फ्लेअर (लेन्समध्ये शिरलेला भटका प्रकाश) किंवा मळलेला फिल्टर.
– लागोपाठच्या फ्रेममध्ये इमारतीची कड वेगवेगळ्या ठिकाणी वाकलेली: तापलेली हवा.
– कडा नको इतक्या टोकदार आणि आतला पोत मेणासारखा गुळगुळीत: नॉइज रिडक्शन किंवा कॉम्प्रेशन.

फोनच्या ०.५ पट अल्ट्रावाइडमध्ये शेवटची खूण सर्रास दिसते. त्या कॅमेऱ्याचा सेन्सर बहुधा मुख्य कॅमेऱ्याहून लहान असतो, अॅपर्चर बदलता येत नाही, आणि कित्येक फोनमध्ये तिथे ऑटोफोकसच नसतो. फोनवर वाइड हवा असेल तर मुख्य कॅमेऱ्याने पॅनोरमा घ्या, फरक लगेच कळेल.

तिसरी पायरी: लेन्सची परीक्षा

यासाठी घराची गच्ची पुरते. सकाळी साडेसहा-सातच्या सुमाराला, हवा थंड असताना, दोनतीनशे मीटर लांबची बारीक रेघांची वस्तू निवडा. मोबाइल टॉवरची लोखंडी जाळी याला फार चांगली. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून परीक्षा घेण्याची पद्धत आहे, पण वाइड लेन्सला ती नीट लागू होत नाही: कॅमेरा भिंतीला अचूक समांतर नसला की एक बाजू मऊ येते आणि दोष विनाकारण लेन्सच्या माथी बसतो.

कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). टॉवर फ्रेमच्या मध्यात घ्या, लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करून हाताने फोकस लावा आणि मग फोकस रिंगला हात लावू नका. एफ/३.५, ५.६, ८, ११ आणि १६ अशा पाच फ्रेम काढा. आता कॅमेरा वळवून तोच टॉवर वरच्या डाव्या कोपऱ्यात आणा, पुन्हा पाच. तसंच उरलेल्या तीन कोपऱ्यांत. एकूण पंचवीस फ्रेम.

चारही कोपरे मध्यापेक्षा कमी, पण एकमेकांसारखे असतील तर लेन्स निरोगी आहे. तीन ठीक आणि एक वाईट, तेही एफ/८ ला सुधारत नसेल, तर काच सरकली आहे. वॉरंटी चालू असेल तर त्या फ्रेम घेऊनच सर्व्हिस सेंटरला जा, तोंडी तक्रारीला तिथे फारसं वजन मिळत नाही. कोपरे एफ/३.५ ला मऊ असतील तर आणखी एक प्रयोग करा: टॉवर कोपऱ्यात ठेवूनच तिथे नव्याने फोकस लावा. कोपरा सुधारला तर लेन्सचं फोकस-पटल सपाट नसून वाकलेलं आहे. अशा लेन्समध्ये मध्य आणि काठ यांच्या अधेमधे, केंद्रापासून साधारण एकतृतीयांशावर, फोकस धरला की दोन्हीकडे तडजोड साधते.

या फ्रेम एकदा नीट पाहून ठेवल्या की आपल्या लेन्सचं सगळ्यात चांगलं अॅपर्चर कायमचं कळतं. १८-५५ किट लेन्समध्ये ते बहुधा एफ/५.६ ते ८ च्या दरम्यान असतं.

अॅपर्चर: जास्त बारीक करण्याचा मोह

'लँडस्केप म्हणजे एफ/२२' ही फिल्मच्या काळातली सवय अजून शिकवली जाते. अॅपर्चर बारीक केलं की प्रकाश कडांवर वाकतो आणि प्रत्येक बिंदूची छोटी चकती होते. हिरव्या प्रकाशासाठी (५५० नॅनोमीटर) या चकतीचा व्यास एफ/८ ला १०.७ मायक्रॉन, एफ/११ ला १४.८, एफ/१६ ला २१.५ आणि एफ/२२ ला २९.५ मायक्रॉन. आपल्या सेन्सरचा एक पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा. म्हणजे एफ/२२ ला एकेक बिंदू साडेसात पिक्सेलवर पसरला. चकतीचा बराचसा प्रकाश तिच्या गाभ्यातच असतो, त्यामुळे दिसणारा मऊपणा या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. तरी एफ/१६ पुढे गवताचा पोत गेलेला उघड दिसतो.

एफ/८ वर काम करा, जवळची वस्तू फारच जवळ असेल तर एफ/११. व्हिडिओसाठी उन्हात प्रकाश जास्त होतो म्हणून एफ/२२ करू नका. प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावा.

फोकस: हायपरफोकलचा आंधळा वापर नको

हायपरफोकल म्हणजे असं फोकसचं अंतर, जिथे फोकस लावला की अनंतापर्यंत सगळं शार्प मानलं जातं. त्याचं सूत्र सगळ्या पुस्तकांत असतं: फोकल लेंग्थचा वर्ग भागिले (अॅपर्चर गुणिले मान्य धूसरपणा). १८ मिमी, एफ/८ आणि मान्य धूसरपणा ०.०२ मिमी धरला की उत्तर दोन मीटर. दोन मीटरवर फोकस लावा, एक मीटरपासून अनंतापर्यंत सगळं शार्प, असं सांगितलं जातं.

गोम त्या ०.०२ मध्ये आहे. हा आकडा फोटो लहान छापून हाताच्या अंतरावरून पाहण्यासाठी ठरवलेला. आपल्या सेन्सरवर ०.०२ मिमी म्हणजे पाच पिक्सेल. म्हणजे सूत्र तंतोतंत पाळलं तर दूरचं सगळं पाच पिक्सेलने मऊ येणार. वाइड शॉटमध्ये दूरचे तपशील आधीच लहान, त्यात हे. दूरची झाडी लगदा होण्यामागे अनेकदा हाच नियम असतो, आणि तो मन लावून पाळणाऱ्यांनाच तो छळतो.

त्यापेक्षा सोपा आणि जास्त भरवशाचा मार्ग: शार्प हवी असलेली सगळ्यात जवळची वस्तू जितकी लांब, त्याच्या दुप्पट अंतरावर फोकस. सीताबर्डीच्या झिरो माईलला चार घोड्यांपैकी एक जवळ ठेवून मागे खांब आणि त्यामागे इमारती अशी फ्रेम धरा. घोडा तीन मीटरवर असेल तर फोकस सहा मीटरवर. एफ/८ ला घोडाही साधारण पावणेदोन पिक्सेलने मऊ आणि लांबची इमारतही तितकीच, जे डोळ्यांना जाणवत नाही. हायपरफोकल पाळून दोन मीटरवर फोकस लावला असता तर घोडा असाच पावणेदोन पिक्सेलवर राहिला असता, पण इमारती पाच पिक्सेलने गेल्या असत्या.

जवळ काहीच महत्त्वाचं नसेल, जसं रामटेकच्या गडावरून खालचा मुलूख, तर सरळ दूरच्या वस्तूवरच फोकस लावा. अनंतावर फोकस असताना कुठल्याही अंतरावरची वस्तू लेन्सच्या छिद्राच्या व्यासाइतकीच पुसट होते. १८ मिमी एफ/८ ला छिद्र १८ ÷ ८, म्हणजे सव्वादोन मिलिमीटर. त्याहून मोठे तपशील, म्हणजे पानं, विटा, पायऱ्यांच्या कडा, ओळखता येतील इतपत टिकतात.

जवळची वस्तू मीटरभरावर असेल आणि दूरचंही कडक हवं असेल, तर एका फोकसमध्ये ते जमवायचा हट्ट सोडा. ट्रायपॉडवर दोन फ्रेम घ्या, एक जवळ, एक दूर, आणि नंतर जोडा.

फोकस रिंग अनंताच्या टोकापर्यंत फिरवून सोडणं ही हमखास चूक. ऑटोफोकसच्या लेन्समध्ये रिंग अनंताच्या थोडी पुढेही जाते. उष्णतेने लेन्स प्रसरण पावते त्यासाठी ती जागा सोडलेली असते. टोक गाठलं की सगळंच मऊ. दुसरी अडचण गुळगुळीत पृष्ठभागांची. दीक्षाभूमीच्या पांढऱ्या घुमटावर मधोमध फोकस पॉइंट ठेवला तर ऑटोफोकसला पकडायला रेषाच सापडत नाही, तो मागेपुढे शोधत राहतो. घुमटाची आकाशाला भिडलेली कड धरा किंवा खालचा कठडा. (तिथे ट्रायपॉड लावण्याआधी विचारून घ्या.)

अडॅप्टरने लावलेली लेन्स

जुनी किंवा दुसऱ्या माउंटची लेन्स अडॅप्टरवर लावत असाल तर हा भाग तुमच्यासाठी. माउंटपासून (लेन्स जिथे बसते ते कॅमेऱ्याचं तोंड) सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं: सोनी ई ला १८ मिमी, कॅनन ईएफला ४४, सिनेमा लेन्सच्या पीएल माउंटला ५२. ईएफ लेन्स ई कॅमेऱ्यावर लावायची तर अडॅप्टर बरोबर २६ मिमी जाड हवा. तो नुसता ०.०५ मिमीने जाड निघाला, म्हणजे साध्या कागदाच्या निम्म्या जाडीइतका, तर अनंतावर लावलेली १८ मिमी लेन्स प्रत्यक्षात साडेसहा मीटरवर फोकस करते. तोच अडॅप्टर ८५ मिमीला लावला तर फोकस १४४ मीटरवर, म्हणजे काही बिघडल्याचं कळतही नाही. 'टेलीला (लांब लेन्सला) अडॅप्टर मस्त चालतो, वाइडलाच लेन्स खराब आहे' या तक्रारीचा उगम इथे. स्वस्त अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ बनवतात, म्हणजे अनंत तरी गाठता यावा. मग रिंगवरचे अंतराचे आकडे निरर्थक होतात आणि फोकस पडद्यावर पाहूनच लावावा लागतो.

सिनेमा झूममध्ये खूण आणखी स्पष्ट असते. लांब टोकाला झूम करून फोकस लावला, वाइडला आलं आणि चित्र मऊ झालं, तर बॅक फोकस, म्हणजे लेन्स आणि सेन्सर यांच्यामधलं ठरलेलं अंतर, बिघडला आहे. भाड्याने आणलेल्या लेन्सची ही तपासणी दुकानातच करा. शिम, म्हणजे ते अंतर जुळवणारी पातळ चकती, बसवणं त्यांचं काम.

हात, ट्रायपॉड, शटर

'फोकल लेंग्थ १८ तर सेकंदाचा १/३० चालेल' हे लहान प्रिंटपुरतं खरं. १०० टक्के पाहायचं असेल तर १/१२५ धरा. माणसं चालत असतील तर हात स्थिर असूनही पुसट येतात: ३० मीटरवर आडवा चालणारा माणूस सेकंदाला १.४ मीटर जातो, म्हणजे फोटोत २१४ पिक्सेल. १/५० ला तो चार पिक्सेल सरकला. १/२५० ला एकाहून कमी.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. खाली बॅग टांगली तर ती जमिनीला टेकू द्या, नाहीतर वाऱ्यात तीच झुलते आणि ट्रायपॉड हलवते. वर्धा रोडवरच्या डबलडेकर पुलाखाली किंवा वर उभं राहून शूट करत असाल तर मेट्रो आणि जड ट्रक जाताना थरथर होते. ती डोळ्यांना दिसत नाही, एक सेकंदाच्या एक्सपोजरमध्ये मात्र नक्की दिसते. गाडी जाऊ द्या, दहा सेकंद थांबा, मग शटर.

नागपूरची हवा

लेन्स आणि कॅमेरा बाजारातून आणता येतात, हवा मात्र जी आहे तीच. वाइड शॉट बहुतेक वेळा बाहेर आणि लांबचा असतो, म्हणून नागपुरात हाच भाग सगळ्यात जड.

एप्रिल-मे. पारा ४५ अंशांपुढे जातो, डांबर आणि गच्च्या तापतात, आणि जमिनीलगतची गरम हवा वर उठताना प्रकाश वाकवत राहते. दोनशे मीटरपलीकडच्या कडा लहरतात. नवतप्यात (मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत) तर सकाळी नऊनंतर लांबचा वाइड घेण्यात अर्थ नाही. ओळखायचं कसं? पाच फ्रेम सलग काढा आणि एकमेकींवर ठेवून पाहा. उभी कड प्रत्येकीत वेगळी वाकलेली दिसली की कारण हवा. शटर वाढवून हे जात नाही, फक्त वाकलेली कड जास्त स्पष्ट दिसते. उपाय वेळेचा आणि जागेचा: सूर्योदयापासून तासाभरात शूट करा, रस्त्याला समांतर पाहण्याऐवजी उंचावरून तिरकं पाहा, कॅमेरा आणि विषय यांच्या मधे डांबर किंवा पत्र्यांची छपरं नकोत, पाणी किंवा हिरवळ चालेल. एसी गाडीची काच खाली करून शूट करू नका. थंड आणि गरम हवा नेमकी लेन्सच्या तोंडाशी मिसळते आणि तिथली लहर सगळी फ्रेम मऊ करते.

पावसाळा. पाऊस थांबल्यावरचे दोन-तीन तास वर्षातले सगळ्यात स्वच्छ. धूळ बसलेली असते, दूरच्या टेकड्या कोरल्यासारख्या दिसतात; रामटेक, खिंडसी करायचं तर तेव्हा करा. अडचण दमटपणाची. एसी खोलीतून किंवा गाडीतून थेट बाहेर आणलेल्या लेन्सवर वाफ धरते. झिप पिशवीत बंद करूनच बाहेर आणा आणि वीस-तीस मिनिटं पिशवीतच ठेवा. वाफ पुसत बसलात तर पुन्हा धरते, वर काचेवर पट्टे उमटतात. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवा. बुरशीचं जाळं बसलेली लेन्स आधी कॉन्ट्रास्ट घालवते, शार्पनेस नंतर.

हिवाळा. पहाटे धुकं आणि धुरकं, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या दिशेला जरा जास्तच. इथे कडा जागेवर असतात, उतरतो तो कॉन्ट्रास्ट. पोलरायझर (धुरक्याची चमक गाळणारा, फिरवता येणारा फिल्टर) लावा, सूर्य उजव्या किंवा डाव्या खांद्यावर, म्हणजे काटकोनात, असेल तेव्हाच तो पूर्ण काम करतो आणि दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश खातो. १८ मिमीवर मात्र आकाश एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिकं येतं, म्हणून आकाश जास्त असेल तर तो अर्धाच फिरवा. सूर्य समोर असेल तर पोलरायझर काढून ठेवा आणि धुरक्याचा उपयोग करून घ्या: एकामागे एक फिकट होत जाणारे थर.

हूड, म्हणजे लेन्सपुढची सावली धरणारी कड, बारमाही. आणि लेन्सच्या रक्षणासाठी म्हणून लावलेला दीडशे रुपयांचा यूव्ही फिल्टर एकदा काढून तीच फ्रेम पुन्हा घ्या. बऱ्याचदा तेवढ्यानेच निकाल लागतो.

व्हिडिओ

व्हिडिओत आणखी एक गाळणी लागते. ६००० पिक्सेलची पूर्ण रुंदी वाचून ती ३८४० वर आणणारा कॅमेरा वाइडमध्ये स्वच्छ दिसतो. काही कॅमेरे ओळी सोडून वाचतात. त्यात विटांवर, जाळ्यांवर रंगीत लाटा येतात. काही मधलाच भाग वापरतात, मग १८ मिमीची फ्रेम हवी तितकी वाइड राहत नाही. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशनही फ्रेम कापून ताणतं, ते ट्रायपॉडवर बंदच हवं.

नंतर कॉम्प्रेशन. १०० मेगाबिट आणि २५ फ्रेम म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी अर्धा मेगाबाइट. स्थिर इमारतीला तेवढं पुरतं, पण वाऱ्यात हलणारं गवत, हजारो पानं, पाण्याच्या लाटा यांत प्रत्येक फ्रेम नवी असते आणि अर्ध्या मेगाबाइटमध्ये ती मावत नाही. कॅमेऱ्यात ऑल-इंट्रा (प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणारी पद्धत) किंवा जास्त बिटरेट असेल तर वाइडसाठी तो राखून ठेवा. पॅन करायचा तर फ्रेमच्या एका काठावरची वस्तू दुसऱ्या काठाला पोचायला सात सेकंद तरी लागू द्या.

शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिव्यांखाली १/५० किंवा १/१०० ला झगमग टळते. कॅमेऱ्यातलं शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन सगळ्यात खाली.

लग्नाच्या लॉनवरचा वाइड स्वतंत्र डोकेदुखी. स्टेजमागच्या एलईडी वॉलवर फोकस बसला की लाटा उठतात. फोकस पुढे, नवरा-नवरीवर आणा, अॅपर्चर थोडं उघडा, कॅमेरा किंचित तिरका करा. ग्रुप फोटोत रांगा धनुष्यासारख्या वळवायचा सल्ला मिळतो, पण फोकस-पटल सपाट असलेल्या लेन्समध्ये त्यामुळेच टोकाची मंडळी मऊ होतात. सरळ रांग, एफ/८, आणि तीन रांगा असतील तर फोकस पहिल्या रांगेवर किंवा तिच्या जरासा मागे. काठाला कुणालाही उभं करू नका, वाइडमध्ये काठावरचे चेहरे ताणले जातात. काका रागावतात ते वेगळंच.

मुद्दाम मऊ हवा असेल तर

मऊपणा हवा म्हणून फोकस चुकवू नका, कडा टिकवून उजळ भाग पसरवा. त्यासाठी ब्लॅक प्रो-मिस्टसारखे फिल्टर. सुरुवात १/८ ताकदीच्या फिल्टरने करा, १/४ वाइडमध्ये बहुतेकदा जास्त वाटतो, कारण आधीच लहान असलेले तपशील त्यात बुडतात. त्याच फिल्टरची आभा लांब लेन्सवर मोठी दिसते, म्हणून क्लोज-अप आणि वाइड जुळवायचे तर दोन्हींवर एकच नंबर चालत नाही; चाचणी करूनच ठरवा. वाइड लेन्सवर एफ/११ ला फिल्टरमधले कण किंवा जाळीचे धागे आकाशात ठिपक्यांसारखे उमटतात. एफ/५.६ किंवा उघडं ठेवा, आणि सूर्य थेट फिल्टरवर पडू देऊ नका.

एडिटिंग, सगळ्यात शेवटी

लाइटरूममध्ये शार्पनिंगचा अमाउंट ४० ते ६०, रेडियस ०.६ ते ०.८. वाइडचे तपशील बारीक असतात, रेडियस एकच्या वर गेला की झाडांभोवती पांढरी किनार येते. मास्किंग आल्ट दाबून ओढा आणि आकाश पूर्ण काळं होईपर्यंत वाढवा, म्हणजे तिथला नॉइज शार्प होणार नाही. धुरक्यासाठी डीहेझ १० ते २०. त्यापुढे आकाश घाण दिसतं. डाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये शार्पनचा रेडियस मूळ ०.५० वर असतो, खाली आणला की शार्प होतं. ०.४६-०.४८ पुरेसं.

शार्पनिंग अंतिम आकारात करा. ६००० पिक्सेलची फाइल १०८० वर आणली की आधी केलेलं निम्मं वाया जातं, म्हणून आधी लहान करा, मग हलका हात. आणि ग्राहकाला व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर व्हॉट्सअॅप फाइल पुन्हा दाबतं आणि हिरवा लगदा परत येतो.